प्रेशरखालचा वीकएंड

वीकएंडला कुणी लोणावळा गाठतं, कुणी अलिबाग. आम्ही थेट गाठलं धाराशिव... बॉयलर बघायला! हसू नका. ऑफिसचा एसी बरोब्बर दुपारी तीनलाच का मान टाकतो, याचं उत्तर पुण्यात सापडत नव्हतं. ते मामांच्या गावाला सापडलं.

मार्चचा दुसरा आठवडा. गुरुवार. दुपारचे सव्वातीन. खराडीतलं आमचं काचबंद, चकाचक ऑफिस. बाहेर ३८ अंश, आत २३... असायला हवेत! पण चौथ्या मजल्यावरून पहिला मेल आला, ‘एसी चालू आहे का?’ मग सहाव्यावरून. मग एचआरच्या मॅडमचा थेट फोन. आणि मग गच्चीवरचा दोन नंबरचा चिलर धापा टाकत बंद पडला.

मी या बिल्डिंगच्या फॅसिलिटी टीममध्ये आहे. म्हणजे सगळं सुरळीत असताना ज्याचं नावही कुणाला माहीत नसतं आणि एसी बंद पडला की ज्याच्या नावाने शंख होतो, तो प्राणी. संध्याकाळी बॉसने बोलावलं. "नवा चिलर घ्यायचा का? घ्यायचा तर का? मंगळवारी प्रेझेंटेशन." नवा चिलर म्हणजे कोटीच्या घरातली गोष्ट. शिवाय आमच्यासारख्या मोठ्या ग्राहकांच्या वीजबिलात एक गंमत असते. महिनाभरात किती युनिट वापरली, याचे पैसे वेगळे आणि महिन्यातल्या सगळ्यात जड काही मिनिटांत किती ओढली, याचे वेगळे. म्हणजे २९ दिवस शहाण्यासारखं वागा आणि एका दुपारी तोल जाऊ द्या... बिल त्या दुपारचं लागतं!

डोकं जाम झालेलं असतानाच आईचा फोन. "मामा या हंगामानंतर रिटायर होतोय. कारखाना बंद व्हायच्या आत एकदा जाऊन ये. लहानपणी दर दिवाळीला पडीक असायचास ना तिथे?"

म्हटलं, चला. इथे बसून तरी काय दिवे लावतोय?

बंबाचा नंबर

शनिवारी पहाटे पाचला निघालो. सोलापूर हायवेने टेंभुर्णी, तिथून डावीकडे कुर्डुवाडी, बार्शी आणि मग येडशी. साधारण अडीचशे किलोमीटर. बार्शी सोडली की बालाघाटाच्या उतरणी दिसायला लागतात. एका बाजूला काढणीला आलेली ज्वारी, दुसऱ्या बाजूला उसाचे हिरवे तुकडे आणि मध्ये उसाने गच्च भरलेल्या ट्रॉल्या. दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागून ओव्हरटेक करणं म्हणजे इथली अ‍ॅडव्हेंचर राइड!

पाट्यांवर आता सगळीकडे ‘धाराशिव’ आहे. निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून पडलेलं उस्मानाबाद हे नाव २०२३मध्ये अधिकृतपणे बदललं. मामा मात्र दोन्ही नावं सारख्याच सवयीने वापरतात. पगाराच्या कागदावर एक, बोलण्यात दुसरं.

घरी पोचलो, तर मामींनी आधी आंघोळीला पिटाळलं. न्हाणीघराशेजारी तोच जुना तांब्याचा बंब! मला एकदम आठवलं. दिवाळीत आम्ही दहा-बारा भावंडं आणि बंब एकच. सगळ्यांना पहिली आंघोळ हवी. आजी दाराशी पाट टाकून बसायची आणि नंबर लावायची. ज्याला लवकर बाहेर पडायचंय तो आधी, लहानगे मध्ये, लोळत पडणारे शेवटी. एक बादली काढली की एक बादली गार पाणी ओतायचं आणि पुढच्याने दहा मिनिटं थांबायचं. कुणी दांडगाई करून सलग दोन बादल्या काढल्या, की पुढचा कुडकुडत बोंबलायचा.

आता हाच बंब एका शहराएवढा मोठा आहे, असं समजा. युरोपातल्या थंड शहरांत तेच चालतं. डेन्मार्कमध्ये जवळपास दोन तृतीयांश घरांत स्वतःचा हीटर नसतोच. गावाबाहेरच्या एका केंद्रात पाणी तापतं आणि जमिनीखालच्या पाइपांतून घराघरांत फिरतं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १८८२पासून रस्त्याखालून वाफ खेळतेय. सिनेमात रस्त्याच्या झाकणांतून धूर निघताना दिसतो ना, त्यात या वाफेच्या जाळ्याचा मोठा हात! ही सगळी व्यवस्था दिवसभर मजेत चालते. तिची परीक्षा एकाच वेळी असते... थंडीतल्या सकाळी, जेव्हा अख्ख्या शहराला एकदम आंघोळ करायची असते. आमच्या ऑफिसची परीक्षा दुपारी तीनला. तिथे ऊब हवी, इथे गारवा हवा. दुखणं एकच.

"नीट शेकून घे," मामा बाहेरून ओरडले. "रातपाळीला येणार हायस ना? आठ ते चार. जागशील का, का पेंगशील?"

गोरोबाकाकांच्या गावात

रात्रीला वेळ होता, म्हणून दुपारी तेरला जाऊन आलो. तेर म्हणजे संत गोरोबा कुंभारांचं गाव. तेरणेच्या काठावर त्यांची समाधी आहे. पण हे गाव त्याहूनही कितीतरी जुनं. ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात ज्या ‘तगर’ बाजारपेठेचा उल्लेख आहे, ती ही! इथला माल घाट उतरून भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून जहाजाने पश्चिमेकडे. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात इथे सापडलेली मातीची भांडी, मणी, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या बघताना दोन तास कसे गेले, कळलं नाही. त्रिविक्रमाचं मंदिर तर विटांचं. आणि इतकं जुनं, की त्या विटांना हात लावतानासुद्धा आपण हळू लावतो.

त्या विटांकडे बघताना एक गोष्ट डोक्यात आली. कुंभाराचा आवा एकदा पेटवला की मध्ये थांबवता येत नाही आणि घाईही करता येत नाही. आच भसकन वाढवली की मडकी तडकतात, कमी पडली की कच्ची राहतात. या मातीत आच सांभाळणारी माणसं दोन हजार वर्षांपासून आहेत. मामा त्यातलेच एक, फक्त त्यांचा आवा जरा मोठा!

वाफेचं शहर

धाराशिव जिल्हा दुष्काळी आणि तरीही कारखान्यांचा. ढोकीचा तेरणा कारखाना मधली अनेक वर्षं बंद होता, तेव्हा त्या गावाची बाजारपेठच झोपली होती. रांजणीला नॅचरल शुगर आहे. चोराखळीच्या धाराशिव कारखान्याने २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत इथेनॉलचा प्लांट वळवून चक्क ऑक्सिजन तयार केला होता. मामांचा कारखाना यातला नाही. कुठला, ते लिहायचं नाही, ही मामांची अट. "जे सांगीन ते छाप. नाव छापू नगं."

रात्री आठला गेटवर पोचलो. शिफ्ट इनचार्जची परवानगी, डोक्यावर हेल्मेट, पायात मामांच्या मुलाचे बूट. आत शिरलो आणि पहिल्यांदा जाणवला तो वास... काकवी, ओला भुसा आणि गरम लोखंड यांचा एकत्र. लहानपणी दिवाळीत मामांच्या शर्टाला हाच वास यायचा.

कारखाना म्हणजे एक छोटं शहरच, हे त्या रात्री नीट कळलं. मध्यभागी बॉयलर. गव्हाणीतून ऊस आत जातो, मिलमधून रस निघतो आणि उरलेली चिपाडं, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जळते. एक टन उसामागे साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघते आणि त्यातली निम्मी ओलच असते. तरी ती जळते आणि पाण्याची वाफ करते. कशी वाफ? ६७ किलो प्रेशरची, ४८० अंशांच्या वरची. ती आधी टर्बाइन फिरवते, म्हणजे वीज. तिथून दमून बाहेर पडलेली वाफ पुढे रस तापवायला, आटवायला, साखर शिजवायला. शेवटी तिचं पाणी होतं आणि ते पुन्हा बॉयलरमध्ये. उरलेली वीज ग्रीडला.

हिशेब सोपा आहे. दिवसाला ५,००० टन गाळप म्हणजे तासाला दोनशेहून जास्त टन ऊस. उसाच्या वजनाच्या ४० टक्के वाफ धरली, तर तासाला ८०-८५ टन वाफ लागते. रात्रंदिवस, पाच महिने!

रस आटवायची आयडिया तर भन्नाट. एका भांड्यातल्या रसाची वाफ पुढच्या भांड्याला द्यायची, त्याची त्याच्या पुढच्याला, अशी पाच भांडी ओळीने. पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब कमी, म्हणजे रस कमी उष्णतेवर उकळतो. एक किलो वाफेत चार-पाच किलो पाणी उडतं. ही युक्ती नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकेतल्या लुइझियानाच्या कृष्णवर्णीय इंजिनिअरची, पेटंट १८४३चं. एकाच तिकिटात पाच सिनेमे, म्हणा ना!

"मंग अडचण कुठं हाय?" मामांनीच विचारलं आणि वर बोट दाखवलं. "तिकडं."

वर पॅन स्टेशन होतं. पॅन म्हणजे साखर शिजवायची बंद, भलीमोठी कढई. मिल एकसारखी चालते, बॉयलर एकसारखा चालतो, पण ही कढई घाण्यावर घाणा काढते. नवा घाणा धरला की सुरुवातीला वाफ घटाघटा पिते आणि साखर जमत आली की घोट-घोट. एका पॅनचं ठीक. पण दोन-तीन पॅन एकदम तहानले, की खालचं प्रेशर धाडकन उतरतं. रस आटेनासा होतो, टर्बाइन कुरकुरतं.

"वाफ लय मानी असती बघ," मामा म्हणाले. "हिरीचं पाणी आज नाय उपसलं तर उद्या उपसता येतं. वाफ आत्ताची आत्ता. उद्यावर टाकली की पाणी."

जी रात्र मामा विसरले नाहीत

बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये आता मोठाले स्क्रीन आहेत. मामांच्या शेजारी बसलेला इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमावाला पोरगा माउसने व्हॉल्व्ह फिरवतो. पण त्या स्क्रीनच्या बाजूला भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर खडूने पाच उभ्या ओळी. प्रत्येक पॅनचा नंबर आणि पुढे वेळा. ८.१०. ८.५५. ९.३५.

"हे काय?" मी विचारलं.

"नंबर," मामा म्हणाले. "आंघोळीचा."

आणि मग चहा पिता पिता त्यांनी ती गोष्ट सांगितली. घरातल्या कुणाला त्यांनी ती कधी पुरती सांगितली नव्हती.

बरीच वर्षं झाली. तेव्हा बॉयलर जुने, २१ किलोचे. हंगाम ऐन भरात. त्या दिवशी गाळपाचा विक्रम करायचा, असं वरून ठरलेलं. संध्याकाळी अवकाळी पावसाची सर येऊन बगॅसच्या ढिगावर पडली. ओली बगॅस नीट पेटेना. आणि वरून फोन, तीन पॅन एकदम धरतोय. मामांना दिसत होतं. काटा खाली निघाला होता. फोन हातात होता.

"मी नगं म्हणायला पायजे होतं. म्हणलो न्हाई. लहान माणूस होतो मी, साहेबांना काय सांगणार?"

प्रेशर २१वरून १४ला आलं. मिल थांबली. टाक्यांत रस तसाच. आणि रस थांबला की त्यातली साखर मोडायला लागते. कारखाना पुन्हा लयीत यायला सकाळ झाली. पण मामांना कारखान्याचं नुकसान आठवत नाही. त्यांना आठवतो बाहेरचा केन यार्ड. काट्याआधी उभ्या असलेल्या शे-दीडशे बैलगाड्या. ऊस वाळला की वजन घटतं आणि ऊसतोड मजुराला पैसे मिळतात टनावर. पहाटे मामा बाहेर आले, तर एक बाई पोराला पदरात घेऊन गाडीच्या चाकाला टेकून बसली होती. तिने विचारलं, "भाऊ, कवा सुरू व्हईल?"

"तिला काय सांगायचं? की मी फोनवर गप बसलो, म्हणून तू हितं बसलीस?"

दुसऱ्या दिवशी मामांनी हा फळा लावला. स्वतःच्या पैशाने. दोन पॅनच्या सुरुवातीत ४० मिनिटं अंतर पडलंच पाहिजे. विक्रम असो, नाहीतर चेअरमन येवोत!

"टाकीत किती जागा हाय?"

रात्री एक वाजून दहा मिनिटं. माझे डोळे मिटायला लागलेले. फोन वाजला. वरून पॅनमन बोलत होता. चार नंबर नुकताच धरलाय, आता दोन नंबरही धरायचाय, कारण पाक साठत चाललाय. स्क्रीनवरचा आकडा ६६. मग ६५. बगॅस जरा ओली येत होती. डिप्लोमावाल्या पोराने मामांकडे बघितलं. ६४.

मला वाटलं, आता मामा आरडाओरडा करतील. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"पाकाच्या टाकीत किती जागा हाय?"

"पाऊण तासाची असंल."

"मंग पंचवीस मिनिटं थांब. टाकी कशाला बांधलीय?"

मग टर्बाइनला फोन. ग्रीडला चाललेली वीज अर्धा तास थोडी कमी घ्या, ती वाफ इकडे द्या. मग खाली निरोप, बगॅस ढिगाच्या कोरड्या बाजूची ओढा. तीन वाक्यं. आवाज जराही वर नाही. आकडा ६३वर थबकला, तिथेच घुटमळला आणि मग सावकाश वर निघाला. ६४. ६५. १.३५ला मामांनी स्वतः फोन केला, "धर आता." उठून फळ्यावर खडूने लिहिलं: १.३५.

मी ताठ बसलो होतो. झोप कुठल्या कुठे!

कारण माझं प्रेझेंटेशन त्या तीन वाक्यांत होतं. एक, सगळ्यांना एकदम देऊ नका, नंबर लावा. दोन, कुठेतरी टाकी असते, ती वापरा. तीन, जे थोडा वेळ थांबू शकतं, त्याला थांबायला सांगा. नवा बॉयलर हा चौथा उपाय. पहिले तीन करून झाल्यावरचा.

आमच्या ऑफिसात काय होतं? दीडला लंच. तेव्हा वीज वाचवायची म्हणून सगळ्या मजल्यांची हवा आपण मंद करतो. अडीचला सगळे मजले एकदम फुल्ल! त्याच वेळी पश्चिमेच्या काचेवर ऊन येतं, उन्हातून जेवून आलेली जनता थर्मोस्टॅट २०वर नेते... म्हणजे तीनच काय, आठही पॅन आम्हीच एकदम धरतो. आणि मग दोष चिलरला!

देशाचंही तेच आहे, मंडळी. ३० मे २०२४ला भारताची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली, तोवरचा विक्रम. वेळ भर दुपारची. त्यात आपल्या सगळ्यांच्या एसींचा वाटा होताच. गुजरातच्या गिफ्ट सिटीत यावर तोडगा म्हणून अख्ख्या वसाहतीला एकाच केंद्रातून गार पाणी पुरवलं जातं. २०१५मध्ये सुरू झालेली ही देशातली अशी पहिली व्यवस्था. तिथे गार पाणी साठवायची सोयही आहे. म्हणजे गारवा आधी करून ठेवायचा आणि दुपारी खर्च करायचा. कोपनहेगनकडे हेच उलटं. तिथे गरम पाण्याच्या अजस्र टाक्या रात्री भरतात आणि सकाळच्या आंघोळी त्यावर निघतात. आजीचा बंब, फक्त स्टेनलेस स्टीलचा!

पाण्याच्या पोटातला महाल

चारला भोंगा झाला. मामा घरी झोपायला गेले. मी तीन तास डुलकी काढली आणि परतीला मुद्दाम तुळजापूर-सोलापूरचा रस्ता धरला, कारण वाटेत नळदुर्ग आहे. भवानीचं दर्शन घेऊन दहाच्या सुमाराला किल्ल्यात शिरलो.

नळदुर्गचा किल्ला बोरी नदीला कवेत घेऊन बसलाय. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, इथे नदीवर दगडी धरण बांधलं गेलं आणि त्या धरणाच्या पोटात महाल केला, पाणीमहाल! पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे धरणावरून कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरडा राहून समोर पाण्याचा पडदा बघतो. मार्चमध्ये धबधबे नव्हते. बाहेरचे दगड तापलेले. पण पायऱ्या उतरून आत गेलो आणि अंगावर गारवा आला. एसीचा नव्हे, रांजणातल्या पाण्यासारखा. दगडाची ही जाडी आणि पाठीशी पाणी. दिवसाचं ऊन त्यातून आत पोचेपर्यंत रात्र होते.

म्हणजे टाकी नेहमी टाकीसारखीच दिसते, असं नाही. भिंतही टाकी असते. आमच्या ऑफिसचा काँक्रीटचा स्लॅबही! सकाळी सात ते नऊ, हवा गार असताना आणि ऑफिस रिकामं असताना तो गार करून ठेवला, तर? त्या खिडकीत बसून मी वहीत आकडे मांडले. लॅपटॉप गाडीतच होता, पण खरं सांगू? उघडावासाच वाटला नाही.

समोर धरणाच्या तळाशी थोडंसं पाणी चमकत होतं आणि मनात एक टोचणी होतीच. ज्या वाफेवर मी इतका खूश झालो, ती उसाची. आणि ऊस पाणी पितो. शेजारच्या लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी इकडचेही हंडे रिकामेच होते. आदल्या दुपारी मी मामांना हे विचारलं होतं. ते चिडले नाहीत.

"खरं हाय तुझं. पर ज्वारीला भाव न्हाई आन् उसाला हाय. तोडणारा, ओढणारा, शिजवणारा, सगळे त्याच्यावर जगत्यात. ठिबक आता लोक लावाया लागलेत. पाण्याला बी फळा पायजे रे. कुणी किती आन् कवा घ्यायचं, त्याचा. त्यो अजून कुणी लावला न्हाई."

फळा

मंगळवारी प्रेझेंटेशन झालं. मजल्यांना नंबर लावायचे, एकदम नाही, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. सकाळी सातपासून बिल्डिंग गार करायची. थर्मोस्टॅट २४वर बांधायचा. घरगुती एसींना २०२०पासून हाच आकडा कारखान्यातून लावून देतात, तो काही उगीच नाही. पश्चिमेच्या काचेला पडदे, आणि तीन ते साडेतीन मोठ्या मीटिंग रूम बंद. नवा चिलर यादीत शेवटी.

बॉसने विचारलं, "कुठल्या कन्सल्टंटकडून घेतलंस?"

"बॉयलर अटेंडंट आहेत," म्हटलं. "धाराशिवचे."

पहिल्या आठवड्यात सहाव्या मजल्याने कटकट केली. दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. चिलर अजून एकदाही बसलेला नाही. पण मे महिना यायचाय, त्यामुळे एवढ्यात कॉलर टाइट करत नाही. माझ्या टेबलाशेजारी मात्र एक छोटा काळा फळा आलाय. सगळे हसतात. हसू दे!

एप्रिलच्या सुरुवातीला मामांचा फोन आला. कारखान्याचा पट्टा पडला होता. हंगाम संपला आणि मामांची नोकरीही. शेवटचा भोंगा त्यांच्या हाताने झाला, सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला. ते सगळं त्यांनी एका वाक्यात संपवलं. मग थोडे थांबले.

"तिसऱ्या दिशी परत गेलतो. हवालदारानं सोडलं आत. बॉयलरला उघडा हात लावला बघ. एकतीस हंगाम झाले, भर हंगामात कधी लावता आला नव्हता. गार होता."

"आणि फळा?" मी विचारलं.

"पुसायला गेलतो. तर त्या पोरानं पुसू दिला न्हाई. म्हणला, दसऱ्याला लागंल."

बॅग भरायच्या आधी

कसे जाल? पुण्याहून टेंभुर्णी-बार्शी-येडशी मार्गे धाराशिव साधारण २५० किलोमीटर. एसटी आहेतच. मुंबई-पुण्याहून लातूरकडे जाणारी रात्रीची रेल्वेही धाराशिवला थांबते. परतताना तुळजापूर-नळदुर्ग-सोलापूर असा वळसा घ्या, कंटाळा येणार नाही.

काय बघाल? तेरचं वस्तुसंग्रहालय, त्रिविक्रम मंदिर आणि गोरोबाकाकांची समाधी, धाराशिव लेणी, तुळजापूर, नळदुर्ग. वेळ असेल तर परंड्याचा भुईकोट किल्लाही.

काय खाल? कुंथलगिरीचा खवा आणि पेढे चुकवू नका. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही. डाएट सोमवारपासून!

कधी जाल? नळदुर्गचे धबधबे बघायचे तर चांगला पाऊस झाल्यावर. उसाच्या गाड्या आणि धुराडी बघायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. साखर कारखाना हे पर्यटनस्थळ नाही. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि जाऊही नका. आत मामा असतील, तर मात्र गोष्ट वेगळी!